शीव, शिवार आणि जैवविविधता



आपल्यापैकी अनेकांना कधी ना कधी मुंबईस शीव येथे जावे लागले असेल. कारण बहुधा आनंदाचे नसते. घरातील कोणी लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे आपल्या बोलण्यातील 'सायन हॉस्पिटल'मध्ये, दाखल असते आणि आपण बाहेर व्हरांड्यात दिवस मोजत बसलेलो असतो. पुन्हा कधी असा प्रसंग आला आणि दुपारचे एक-दोन तास मोकळे मिळाले, तर धारावी बस आगारासमोरील महाराष्ट्र निसर्ग उद्यान अवश्य पाहून यावे. शीव-वांद्रे जोडरस्त्यालगत, मिठी नदीच्या काठी असलेले हे सुमारे ३७ एकरांचे उद्यान म्हणजे आज दाट झाडी आहे. या जागेवर १९७७ पर्यंत मुंबई शहराचा कचरा टाकला जात असे. कचरा टाकणे थांबल्यावर त्यावर मातीचा थर देऊन १९८० च्या दशकात झाडे लावण्यास सुरुवात झाली आणि २२ एप्रिल १९९४ रोजी, जागतिक वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी खुले झाले.

शेतीच्या मासिकात मुंबईच्या उद्यानाचे काय काम, असे आपण म्हणाल. काम आहे. पडीक, खडकाळ किंवा चोपण जमीन सुधारण्याचा अनुभव आपणास आहे. कचऱ्याच्या ढिगावर, जेथे खाली प्लॅस्टिक, काच, कुजणारे पदार्थ आणि त्यातून निघणारा मिथेन वायू आहे, तेथे झाड जगविणे किती अवघड असेल याची कल्पना शेतकऱ्याला जेवढी येईल तेवढी इतरांना येणार नाही. आधी मोजकी काटक झाडे तग धरतात. त्यांचा पाला पडतो, पाल्यावर बुरशी व जिवाणू काम करतात, गांडुळे येतात, किडे येतात, किड्यांमागे पक्षी येतात, पक्ष्यांच्या विष्ठेतून नवी बीजे येतात. माणसाने लावलेल्या झाडांपेक्षा न लावलेल्या सजीवांचे काम तेथे मोठे आहे. या सजीवांच्या एकत्रित नांदण्यालाच आपण जैवविविधता म्हणतो. यात तीन गोष्टी येतात : एकाच जातीतील वाणांची विविधता (भाताचे शेकडो वाण), निरनिराळ्या जातींची विविधता (भात, तूर, मधमाशी, घुबड) आणि निरनिराळ्या अधिवासांची विविधता (माळ, ओढा, देवराई, खाजण).

शीव या नावाचाही विचार करण्यासारखा आहे. शीव म्हणजे गावाची हद्द. मुंबईचे बेट जेथे संपत होते आणि साष्टी जेथे सुरू होत होती, ती ही शीव. इंग्रजांनी सतराव्या शतकात तेथील टेकडीवर किल्ला बांधला तोही ही हद्द राखण्यासाठीच, कारण पलीकडची साष्टी तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. आपले 'शिवार' याच घरातले. आपल्या जुन्या माणसांनी शिवेवर म्हसोबा, मरीआई बसविली, तेथील झाडाला कुऱ्हाड लावली नाही. त्यामागे भीती होती, श्रद्धा होती. परंतु परिणाम असा झाला की, नांगर न लागलेली, फवारा न पडलेली एक पट्टी प्रत्येक गावाभोवती शिल्लक राहिली. गेल्या काही वर्षांत ही पट्टी झपाट्याने नाहीशी होत आहे. जेसीबी यंत्राने एका दिवसात बांध कोरला जातो, बोरी-बाभळी उपटल्या जातात, उरलेले गवत उन्हाळ्यात पेटवून दिले जाते आणि दोन ओळी जादा मिळाल्याचे समाधान होते. या दोन ओळींची किंमत आपण काय मोजतो, हा या लेखाचा विषय आहे.

लोकरी माव्याने शिकविलेला धडा

पश्चिम महाराष्ट्रातील ऊस बागायतदारांना २००२ चा पावसाळा आठवत असेल. जुलै महिन्यात सांगली जिल्ह्यात उसाच्या पानाखाली कापसासारखे पांढरे थर दिसू लागले. ही कीड म्हणजे लोकरी मावा. ईशान्य भारतात व बंगालमध्ये ती पूर्वीपासून माहीत होती; आपल्याकडे मात्र अचानक आली आणि वर्षभरात महाराष्ट्र व कर्नाटकातील ऊसपट्ट्यात पसरली. मावा पानातील रस शोषतो, अंगातून चिकट पदार्थ टाकतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि पान काळे पडून अन्न तयार करण्याचे थांबते. वजन घटते, साखरेचा उतारा घटतो. शेतकऱ्यांनी हाती येईल ते औषध फवारले. परंतु आठ-नऊ फूट उंचीच्या, आडव्या पडलेल्या उसात पंप घेऊन शिरणार कोण? शिरलाच तर पानाच्या खालच्या बाजूस औषध पोहोचणार कसे? काही ठिकाणी उभा ऊस पेटवून देण्यापर्यंत मजल गेली.

या संकटात कामास आले ते कीटकच. डिफा नावाच्या एका पतंगाची अळी माव्याच्या वसाहतीत राहून मावा खाते. मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा मित्रकीटकही माव्यावरच जगतो. हे दोन्ही आपल्याच देशातील. कोणी परदेशातून विकत आणलेले नव्हते. प्रादुर्भाव वाढला तसे तेही वाढू लागले. कृषी विद्यापीठे, साखर कारखाने आणि संशोधन संस्थांनी त्यांची पैदास करून ती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविली. हेक्टरी डिफाच्या १,००० अळ्या अथवा मायक्रोमसच्या २,५०० अळ्या सोडाव्यात, अळ्या असलेले पानाचे तुकडे प्रादुर्भावग्रस्त पानांना टाचावेत किंवा बांधावेत आणि त्यानंतर रासायनिक फवारणी पूर्ण बंद ठेवावी, अशी शिफारस होती. ज्यांनी फवारणी थांबविली त्यांच्या शेतात मित्रकीटक टिकले व मावा आटोक्यात आला. पुढील काही हंगामांत या किडीची दहशत राहिली नाही. आजही लोकरी मावा अधूनमधून दिसतो. तो दिसताच प्रथम पान उलटून त्यावर डिफाची अळी आहे का ते पाहावे. ती असल्यास औषध आणण्यासाठी तालुक्यास जाण्याची गरज नाही.

येथे एक प्रश्न उद्भवतो. उसात मावा नसतो तेव्हा हे मित्रकीटक कोठे राहतात? काही इतर माव्यांवर, इतर वनस्पतींवर, बांधाच्या गवतात. ढालकिडा, क्रायसोपा, सिरफिड माशी, कोळी, चतुर, या सर्वांचे असेच आहे. यांपैकी अनेकांची प्रौढावस्था मध व परागकणांवर जगते, म्हणजे त्यांना फुले लागतात. आपल्या पिकाला वर्षातून वीस-पंचवीस दिवस फुले असतील. उरलेले अकरा महिने या पाहुण्यांची सोय कोण करणार? बांधावरील तरोटा, एकदांडी, तुळस, झेंडू, करंज, बाभूळ, बोर हीच ती सोय. ज्या बांधाला आपण 'घाण' म्हणून पेटवितो तेथे आपले बिनपगारी नोकर राहत असतात.

अर्थात, बांधावरील सर्वच वनस्पती चांगल्या असे समजू नये. गाजर गवत फुलोऱ्यापूर्वी उपटलेच पाहिजे. कपाशीच्या पट्ट्यात पांढरी माशी व पिठ्या ढेकणाला आश्रय देणारी काही तणे असतात, तीही काढावीत. प्रश्न निवड करण्याचा आहे. सरसकट तणनाशक मारणे आणि काडी ओढणे यात निवड नसते.

मधमाशी : माझी एक चूक

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातील एक प्रसंग सांगतो. एका गावी कांदा बीजोत्पादनाच्या प्लॉटवर फुलकिडे वाढले होते. गोंडे फुललेले होते. मी पाहणी करून लगेच फवारणी सुचविली. मजूर सकाळी येत असल्याने ती सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास झाली. फुलकिडे कमी झाले, मी समाधानाने परतलो. काढणीच्या वेळी गेलो तेव्हा त्या वयस्कर शेतकऱ्याने गोंडा तळहातावर चोळून दाखविला. निम्म्याहून अधिक फुले पोकळ होती. ते म्हणाले, "सर, किडा गेला हे खरं. पण त्या दिवसापासून प्लॉटात माशीही फिरकली नाही." मी म्हटले, "काका, चूक माझी आहे." ते काही बोलले नाहीत, चहा मात्र पाजला. पदव्युत्तर अभ्यासात हे सर्व शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते!

कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे त्याच फुलातील पराग त्या फुलाच्या उपयोगी पडत नाही. दुसऱ्या फुलाचा पराग आणून देणारे कोणीतरी लागते. ते काम प्रामुख्याने मधमाश्या करतात. काकडी, दोडका, कारले, भोपळा या वेलवर्गात तर नर व मादी फुलेच वेगळी असतात. किडे नसतील तर मादी फूल पिवळे पडून गळते आणि आपण खताची कमतरता समजून आणखी एक पोते टाकतो. सूर्यफुलातील पोकळ दाणे, वाकडी-तिकडी काकडी, यांतही परागीभवनाचा मोठा हात असतो. आंब्याच्या मोहोरावर मुख्यत्वे माश्या काम करतात. जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पिके कमी-अधिक प्रमाणात प्राणी-कीटकांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत. गहू, भात, ज्वारी यांना त्यांची गरज नाही. म्हणजे भाकरी मिळेल, परंतु तिच्याबरोबर खाण्यास फारसे काही उरणार नाही. जीवनसत्त्वे आणि खनिजे ज्या फळांतून, भाज्यांतून, तेलबियांतून येतात त्यांचाच पुरवठा आटतो.

म्हणून पीक फुलोऱ्यात असताना शक्यतो फवारणी टाळावी. टाळता येतच नसेल तर संध्याकाळी, मधमाश्या पोळ्याकडे परतल्यानंतर करावी व मधमाश्यांना कमी घातक असणारे औषध निवडावे. निंबोळी अर्क ५ टक्के हा पर्याय प्रथम वापरून पाहावा. जवळपास मधपेट्या असल्यास त्यांच्या मालकास एक दिवस आधी कळवावे. आग्या मोहोळ जाळून मध काढण्याची पद्धत तर पूर्णपणे सोडून द्यावी.

एकाच वाणाचा धोका

आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर करपा आला. तेथील गरीब जनता एकाच पिकावर आणि मुख्यत्वे एकाच वाणावर जगत होती. बटाट्याची लागवड कंदापासून होत असल्याने सर्व झाडे जणू एकमेकांच्या नकला होत्या. एक बळी पडले की सर्व पडली. सुमारे दहा लाख लोक उपासमार व रोगराईने मेले. अमेरिकेत १९७० मध्ये मक्यावर असेच घडले. संकरित बियाणे तयार करणे सोपे जावे म्हणून बहुतेक कंपन्यांनी एकच नरवंध्य पेशीद्रव्य वापरले होते आणि नेमके तेच करपा रोगाच्या नव्या प्रकारास बळी पडले. देशाच्या उत्पादनात त्या वर्षी सुमारे १५ टक्के घट आली. तेथे दुष्काळ पडला नाही, कारण देश श्रीमंत होता.

आता याची दुसरी बाजू पाहू. १९७० च्या सुमारास दक्षिण आशियात व आग्नेय आशियात भातावर खुजा गवताळ विषाणू रोगाने थैमान घातले होते. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. प्रतिकारशक्ती आढळली ती केवळ एका रानटी भाताच्या नमुन्यात, आणि तो नमुना उत्तर प्रदेशातून गोळा केलेला होता. दिसायला ते तण. कोणीही उपटून फेकावे असे. डॉ. गुरुदेव खुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा संकर करून प्रतिकारक जाती तयार केल्या. त्यांपैकी आयआर-३६ ही जात पुढे जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख हेक्टरांवर घेतली गेली. तो नमुना ज्या डबक्याकाठी वाढत होता ते डबके आधीच बुजविले गेले असते तर?

आपल्या कोकणातही उदाहरण आहे. रायगड, ठाणे, रत्नागिरी या जिल्ह्यांच्या खारपट्ट्यात शेतकरी पिढ्यान् पिढ्या 'राता' भात लावीत आले. तांबूस दाणा, उत्पादन कमी, परंतु खाऱ्या पाण्यात तग धरणारा. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्रात 'भुरा राता' आणि आयआर-८ यांच्या संकरातून पनवेल-१ ही क्षार सहन करणारी, अधिक उत्पादन देणारी जात निघाली. बुटकी व अधिक उत्पादन देणारी ठेवण आली ती आयआर-८ मधून, क्षार सोसण्याची ताकद आली खारपट्ट्यातील शेतकऱ्याच्या कणगीतून. समुद्राचे पाणी वाढत जाण्याच्या या काळात या कणगीचे महत्त्व आणखी वाढणार आहे.

म्हणून सुधारित वाण घेऊ नका, असा याचा अर्थ मुळीच नाही. मी कृषिविद्येचा अध्यापक आहे. उत्पादनवाढीचे श्रेय सुधारित वाणांना आहे हे वर्गात दररोज शिकवितो. परंतु सर्व क्षेत्र एकाच वाणाखाली आणू नये. दोन-तीन निरनिराळ्या कालावधीचे वाण घ्यावेत आणि घरचा एखादा जुना वाण पाच-दहा गुंठ्यांवर का होईना जिवंत ठेवावा. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, नाचणी, भाजीपाला यांचे गावरान वाण जमवून बियाणे बँक उभी केली. त्यासाठी त्यांना २०२० सालचा पद्मश्री किताब मिळाला. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाण-घेवाण करण्याचा आणि ब्रँडशिवाय विकण्याचाही हक्क आहे; शेतकऱ्याने जपलेल्या वाणाची नोंदणीही करता येते. याची माहिती फार थोड्यांना आहे.

बीटी कपाशीच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियाण्याची छोटी पिशवी येत असे, ती आपण काय केली? बहुतेकांनी फेकून दिली किंवा नांग्या भरण्यास वापरली. या बिगर-बीटी ओळींवर बोंडअळीची बीटीला बळी पडणारी पिढी जिवंत राहावी, तिचा संकर प्रतिकारक पतंगांशी व्हावा आणि प्रतिकारशक्ती पसरण्यास वेळ लागावा, हा हेतू होता. ओळी लावल्या गेल्या नाहीत, कपाशी फरदडीसाठी उन्हाळ्यापर्यंत उभी राहिली आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने काय केले हे सांगण्याची आवश्यकता नाही. किडीतही विविधता राखावी लागते, ही गोष्ट पटण्यास कठीण आहे. परंतु खरी आहे.

गिधाडे गेली, पुढे काय झाले

पूर्वी मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की तासाभरात गिधाडे उतरत. आज तिशीच्या आतील शेतकऱ्याने गिधाड पाहिले असेल तर ते बहुधा चित्रातच. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची देशातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण जनावरांना वेदनाशामक म्हणून टोचले जाणारे डायक्लोफिनॅक. हे औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ साली जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर देशात बंदी आली, तोपर्यंत आकाश रिकामे झाले होते. मुंबईत मलबार हिलवरील पारशी समाजाच्या दोखम्यात, जेथे शतकानुशतके गिधाडांवर भिस्त होती, तेथे सौर परावर्तक बसविण्याची वेळ आली.

गिधाडे गेल्यावर मृत जनावरे कुजत राहिली, भटकी कुत्री वाढली, पाणवठे दूषित झाले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी देशात सुमारे पाच लाख जादा मानवी मृत्यू झाले असावेत, असा अंदाज काढला आहे. हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. तरी दशांशानेही खरा धरला तरी आकडा लहान नाही. आणि गिधाड वाचवा असे त्या काळी कोणी म्हटले असते तर आपण हसलो असतो. पशुवैद्यकाकडे जनावर नेल्यावर वेदनाशामक म्हणून मेलॉक्झिकॅम देण्याचा आग्रह धरावा. ते गिधाडांना सुरक्षित आहे. माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या बाटल्या दुकानातून आणून घरच्या घरी टोचणे पूर्णपणे बंद करावे.

याच अंगाने धामण व घुबड यांचा उल्लेख करतो. धामण बिनविषारी असून ती उंदरांच्या बिळात शिरून उंदीर खाते. गव्हाणी घुबड रात्रीत दोन-तीन उंदीर सहज मारते. धामणीला नाग समजून मारणे व घुबडाला अशुभ मानून हुसकावणे म्हणजे आपलेच धान्य उंदरांना वाढणे होय. विषारी साप म्हणून नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार प्रत्येकाला ओळखता आलेच पाहिजेत. दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालयात जावे.

औषधाच्या बाटलीतील झाड

शीवच्या रुग्णालयापासून परळचे टाटा स्मृती रुग्णालय फार लांब नाही. तेथे रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी व्हिनक्रिस्टिन हे एक प्रमुख औषध. ते मिळते सदाफुलीपासून. आपल्या अंगणात, तुळशीशेजारी, कोणी पाणी घातले नाही तरी फुलणाऱ्या त्याच सदाफुलीपासून. मूळची ती मादागास्कर बेटावरची. शास्त्रज्ञ तिच्यात मधुमेहाचे औषध शोधीत होते, सापडले कर्करोगाचे. (सदाफुलीची पाने घरी वाटून पिण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये. वनस्पती विषारी आहे. औषध कारखान्यात शुद्ध होऊन, मोजून दिले जाते.)

आपल्या सह्याद्रीतही असे एक झाड आहे : नरक्या. त्याच्या पानाला-लाकडाला दुर्गंधी येते म्हणून हे नाव पडले. या झाडात कॅम्पटोथेसिन हे द्रव्य असते आणि त्यापासून कर्करोगावरील औषधे तयार होतात. ही गोष्ट बाजाराला कळताच १९९० च्या दशकापासून घाटमाथ्यावर नरक्याची बेसुमार तोड झाली. तोडणाऱ्याच्या हातात किलोमागे काही रुपये पडले, पुढे त्याची किंमत किती पटींनी वाढली याचा त्याला पत्ताही नव्हता. आपल्या रानात काय आहे हे आपल्यालाच माहीत नसले की असे होते. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. कागदावर समित्या पुष्कळ आहेत. आपल्या गावाची नोंदवही कोणी लिहिली, जुन्या माणसांना विचारून लिहिली की दुसऱ्या गावाची उतरवून काढली, हे ग्रामसभेत जरूर विचारावे.

पुन्हा शीवकडे

निसर्ग उद्यानाच्या कडेने मिठी नदी माहीमच्या खाडीकडे जाते. नदीकाठी तिवरांचे जंगल दिसते. मुंबईची बेटे जोडताना, १८०५ साली शीवचा बांधरस्ता, १८४५ साली माहीमचा बांधरस्ता असे करीत खाडीची तोंडे आवळत गेली. पुढे वांद्रे-कुर्ला संकुलासाठी दलदल व तिवरे भरून घेतली गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला, त्यात भरती आली. पाणी पसरण्याची जागाच उरली नव्हती. शीव, कुर्ला, कालिना भागांत माणसे रात्रभर पाण्यात अडकली. इतका पाऊस कोणत्याही शहराला जड गेला असता, हे मान्य. परंतु खाजण म्हणजे पाण्याचे राखीव शेततळे असते आणि तिवर म्हणजे त्याचा बांध, हे मुंबईने महाग किमतीत शिकले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील तिवरांच्या तोडीस मनाई केली. पुढे २०१२ मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित झाला.

कोकणातील खारभूमीधारकांनी हे ध्यानी घ्यावे की, खारबांधाच्या समुद्राकडील बाजूस तिवरे असतील तर लाटेचा जोर बांधापर्यंत येताना मोडतो. तिवरे तोडलेल्या ठिकाणी बांध वारंवार फुटतो. कोळंबी, चिंबोरी, जिताडा यांची पिल्लेही तिवरांच्या मुळांत वाढतात. ती तोडली तर नुकसान शेतकऱ्याचेही आणि कोळ्याचेही.

घाटावरील वाचकांसाठी हेच मोजमाप बांधाला लागू करावे. येत्या हंगामात पुढील प्रयोग करून पाहावा. आपल्या शेताच्या एका बाजूचा, साधारण शंभर फूट लांबीचा बांध न जाळता, तणनाशक न मारता ठेवावा. त्यावरील गाजर गवत तेवढे उपटावे. पावसाच्या सुरुवातीस करंज, कडुनिंब, बोर, शेवगा यांपैकी जी रोपे मिळतील ती लावावीत व मध्ये तुळस, झेंडू टोकावा. कपाशी असल्यास कडेने चवळी व मक्याची एक-एक ओळ घ्यावी. चवळीवर मावा येतो, माव्यावर ढालकिडे येतात व तेथून ते कपाशीत जातात. हरभरा असल्यास पेरताना बियाण्यात हेक्टरी २०० ग्रॅम ज्वारी मिसळावी. ज्वारीची उभी ताटे पक्ष्यांना बसण्यास उपयोगी पडतात आणि तेथे बसलेला कोतवाल, साळुंकी घाटेअळ्या वेचते. त्यानंतर आठवड्यातून एकदा सकाळी, वही घेऊन, राखलेल्या बांधाजवळील दहा झाडे व शेताच्या विरुद्ध टोकाची, मोकळ्या बांधाजवळील दहा झाडे तपासावीत. किडी किती, ढालकिडे किती, कोळी किती, क्रायसोपाची देठावरील पांढरी अंडी किती, हे दोन रकान्यांत लिहावे. मुलांना हे काम फार आवडते, डोळेही त्यांचे चांगले असतात. औषधाचा पंप काढण्यापूर्वी ही वही उघडून दोन्ही रकाने पाहावेत, आणि मित्रकीटकांची संख्या चांगली असल्यास आणखी चार दिवस थांबून पुन्हा मोजावे. वही घेऊन आपल्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात यावे. तेथील कीटकशास्त्रज्ञांना अशा नोंदी पाहण्यात आनंदच वाटेल.